जुन्या मस्टँगच्या एक्झॉस्ट टिप: सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी मिशिगनमध्ये राहतो, ६६ ची फोर्ड मस्टँग कूप आहे, आणि गेली काही वर्षं अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांचे मेसेज येतात की दादा जुनी गाडी घेतली, मागे नळीला काय लावू. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मुख्य बोलणं ६५-६६ च्या जीटीबद्दल (मस्टँगवर मिळणारं फोर्डचं स्पोर्टी पॅकेज) आहे कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो, पण पुढच्या वर्षांचंही थोडं आहे. एकच विनंती, टिप ऑर्डर करायच्या आधी गाडीखाली आडवे व्हा. वरून बघून काही कळत नाही.

१. टिप, ट्रंपेट, क्वाड हे सगळं एकच का? मला तर नळीचं चकचकीत तोंड एवढंच दिसतं.

टिप म्हणजे टेलपाइपच्या शेवटी लावलेला कुठलाही दिसायचा तुकडा. ट्रंपेट म्हणजे तुतारीसारखी तोंडाकडे रुंद होत जाणारी टिप, ६५-६६ च्या जीटीला हीच असायची, बंपरखालच्या पत्र्यातून बाहेर डोकावणारी. त्या पत्र्याला व्हॅलन्स म्हणतात, हा शब्द पुढे सारखा येणार आहे. क्वाड म्हणजे प्रत्येक बाजूला दोन तोंडं, एकूण चार. आणि सायलेन्सर वेगळा, तो पुढे गाडीच्या पोटाखाली असतो, आवाजाचं काम त्याचं (प्रश्न १५).

२. कुठल्या वर्षाला कुठली टिप बरोबर?

जीटी पॅकेज एप्रिल १९६५ मध्ये आलं, मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला. त्याआधीची गाडी, ज्याला लोक ६४½ म्हणतात तीसुद्धा, कंपनीतून जीटी असूच शकत नाही, कोणी सांगत असेल तर गोड हसून पुढे जा. ६५ आणि ६६ ला ट्रंपेट, दोन्ही वर्षी तेच. ६७ आणि ६८ च्या जीटीला क्वाड. ६९ च्या मॅक १ ला (मस्टँगचंच आणखी एक स्पोर्टी मॉडेल) पण क्वाड.

आता खरी मेख. ६७ मध्ये जीटी पॅकेज साध्या दोन-बॅरल कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल आत जायला दोन तोंडं, चार-बॅरलला चार) २८९ क्युबिक इंची इंजिनावरही मिळायचं, आणि त्या गाडीला सिंगल एक्झॉस्ट, एकच पाइप, होता, म्हणजे क्वाड नाहीच. ६९ मॅक १ चंही तसंच, ३५१ दोन-बॅरल असेल तर चार तोंडं नाहीत, चार-बॅरल इंजिनांनाच मिळाली. म्हणजे वर्ष आणि बॅज बघून टिप ठरत नाही, इंजिन बघावं लागतं. एका गृहस्थांनी ६७ ची सी कोड (म्हणजे २८९ दोन-बॅरल, प्रश्न ३) जीटी घेतली आणि आधीच्या मालकाने टिप चोरून ठेवल्या असं समजून त्याला भांडखोर मेल टाकला, बिचाऱ्या गाडीला त्या कधी नव्हत्याच.

३. माझ्या गाडीचा नंबर बघून कळेल का की ती कुठल्या इंजिनाची?

हो, इंजिन कळतं, जीटी आहे का ते ६५-६६ मध्ये कळत नाही. नंबर म्हणजे नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्याने गाडीवर ठोकलेला (VIN). तो असा वाचा, समजा ६ टी ०७ ए आणि पुढे सहा आकडे. पहिला ६ म्हणजे १९६६. टी म्हणजे मेटचन कारखाना, एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. ०७ म्हणजे हार्डटॉप (यालाच कूप म्हणतात), ०८ कन्व्हर्टिबल (उघडं छप्पर), ०९ फास्टबॅक (मागे उतरतं छप्पर). मग इंजिन: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी म्हणजे २८९ दोन-बॅरल, ए म्हणजे २८९ चार-बॅरल २२५ हॉर्सपॉवर, के म्हणजे हाय परफॉर्मन्स २७१ हॉर्सपॉवर. (टी दोन जागी येतो, कारखान्याचा टी आणि इंजिनाचा टी यात गोंधळू नका, दर महिन्याला कोणीतरी गोंधळतं.)

जाता जाता, मेटचन कारखाना खरं तर न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये होता, २००४ ला बंद झाला. म्हणजे ज्या गावात आज आपण ओक ट्री रोडवर वडापाव खायला जातो तिथेच कोणाची तरी मस्टँग लाइनवरून उतरली होती. मला हे कळलं तेव्हा उगाच छाती फुगली, गाडी माझी डिअरबॉर्नची असून.

४. ए कोड आहे, मागे ट्रंपेट पण आहेत, मग जीटीच ना?

नाही, एवढ्यावरून नाही. जीटी व्हायला ए किंवा के कोड लागतो पण प्रत्येक ए कोड जीटी नसते. शिवाय फोर्डच्या डीलरकडे जीटीचे पार्ट काउंटरवर मिळायचे, तेव्हाही लोक नंतर लावून घ्यायचे, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत तर क्लोन (साध्या गाडीवर पार्ट लावून केलेल्या जीटी) इतके झालेत की विचारू नका. ६५ मध्ये साधारण १५ हजार आणि ६६ मध्ये २५ हजारच्या आसपास जीटी बनल्या. आज विकायला दिसणाऱ्या "जीटी" बघितल्या की वाटतं त्यांना मध्येच पिल्लं झाली असावीत.

खरा पुरावा खाली असतो. कंपनीतून जीटी आलेल्या गाडीला मागच्या फ्रेम रेलवर (गाडीखालचा लांब आधाराचा पत्रा), जिथे ट्रंपेट टांगणारे हँगर बसतात तिथे, मजबुतीची प्लेट कारखान्यात वेल्ड केलेली असते. जॅक स्टँडवर गाडी नीट चढवा, टॉर्च घ्या, तारेच्या ब्रशने चिखल साफ करा आणि बघा. साध्या गाडीत तिथे नुसता पत्रा, आणि नंतर कोणी हँगर लावला असेल तर ड्रिलने पाडलेली भोकं आणि हार्डवेअरच्या दुकानातले बोल्ट दिसतात. एखादा हुशार माणूस प्लेटही नवीन वेल्ड करू शकतो, म्हणून वेल्ड जुना वाटतोय का, आजूबाजूच्या रंगाशी आणि अंडरकोटिंगशी जुळतोय का हेही बघा. शिवाय पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक, फॉगलाइटचं वायरिंग, पाच गोल मीटरचा डॅशबोर्ड हे सगळं जुळायला पाहिजे. एक गोष्ट जुळली म्हणजे काही नाही.

५. मार्टी रिपोर्ट मागवला की सगळं कळतं म्हणे, मग एवढी मेहनत कशाला?

तो रिपोर्ट फोर्डच्या मूळ नोंदींवरून बनतो पण ६७ पासून पुढच्या गाड्यांचाच मिळतो. ६७-६९ वाल्यांनी जरूर मागवा, त्यात जीटी पॅकेज होतं का ते येतं. ६५-६६ वाल्यांना प्रश्न ४ मधली चिखलातली वाट.

६. माझी गाडी साधी सी कोड आहे. ट्रंपेट लावले तर पाप लागेल का?

गाडी तुमची आहे, लावा. पण दोन गोष्टी. एक, तुमच्या व्हॅलन्सला भोकं नाहीत आणि ओरिजिनल पत्रा ग्राइंडरने कापायचा मोह होईल, तो आवरा. जीटीचा रिप्रॉडक्शन, म्हणजे जुन्याबरहुकूम नव्याने बनवलेला, व्हॅलन्स मिळतो, तो घ्या आणि जुना कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. ऑर्डर करताना रिव्हर्स लाइट आहेत का ते सांगा, कारण ६५-६६ मध्ये ते दिवेही व्हॅलन्समध्येच बसतात, त्यांची भोकं असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार येतात. चुकीचा आला की परत पाठवायचा खर्च पत्र्याच्या किमतीएवढा.

दोन, सी कोडला मुळात सिंगल एक्झॉस्ट होता. नुसत्या दोन टिप लावून चालत नाही, इंजिनापासून मागेपर्यंत दोन पाइप टाकावे लागतात. एका बाजूला खरी नळी आणि दुसऱ्या बाजूला नुसती शोभेची पोकळ टिप असलेली गाडी मी बघितलीय. थंडीत ती सुरू केली की एकाच बाजूने वाफ येते, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळतं.

७. आणि सहा सिलिंडर?

वरचंच उत्तर, फक्त जास्त जोरात. मौज म्हणून ठीक आहे. सिंगल पाइपला एक साधी सरळ छोटी टिप जास्त शोभते असं माझं मत.

८. नवीन रिप्रॉडक्शन घेऊ, जुन्या वापरलेल्या घेऊ की न्यू ओल्ड स्टॉक शोधू?

रोज फिरवायची गाडी असेल तर चांगल्या प्रतीची रिप्रॉडक्शन. न्यू ओल्ड स्टॉक म्हणजे फोर्डने तेव्हा बनवलेला, कधी न वापरलेला, डब्यातला माल. तो फक्त शो-कारसाठी, कारण एकदा गरम केला की तो न्यूही राहत नाही आणि स्टॉकही. डब्यावरचा पार्ट नंबर बघता यायला पाहिजे: सी म्हणजे साठचं दशक, पुढचा आकडा वर्ष, त्यानंतरचा झेड म्हणजे मस्टँगसाठी आणि चौथा झेड म्हणजे सर्व्हिस पार्ट. म्हणजे सी५झेडझेड असेल तर तो पार्ट ६५ मध्ये आला. ६६ च्या गाडीलाही सी५ चालतो, कारण पार्ट बदलला नाही तर नंबरही बदलायचे नाहीत. सी७ किंवा सी८ असेल तर तो ६५-६६ चा ट्रंपेट नाही, विकणारा कितीही शपथा घेऊ दे. आणि रिकामा डबा जुना असणं हा आत काय आहे याचा पुरावा नाही, हे मी पैसे देऊन शिकलोय.

वापरलेल्या घेताना आतून बोट फिरवा (गार असताना). बाहेरून आरसा आणि आतून चाळण असं पुष्कळदा निघतं. हँगरचं ब्रॅकेट जिथे जोडलंय तिथे चीर आहे का ते बघा. आणि जोडी आहे का बघा, म्हणजे डावी आणि उजवी. दोन डाव्या विकणारे लोक आहेत जगात.

९. क्रोम बरं की स्टेनलेस?

ओरिजिनल दिसणं पाहिजे तर क्रोम. टिकणं पाहिजे तर स्टेनलेस, त्यातही ३०४ ग्रेड. ४०९ ग्रेड स्वस्त असतो, पाइपसाठी उत्तम पण त्यावर वरवरचा तांबूस गंज येतो, म्हणून टिपसाठी नको. घरी ओळखायची सोपी पद्धत, लोहचुंबक लावा, ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. क्रोमची झळाळी थोडी निळसर थंड असते, पॉलिश केलेल्या स्टेनलेसची जरा पिवळट. बाजूला क्रोमचा बंपर असल्यामुळे फरक दिसतो, एकदा दिसला की दिसतच राहतो.

१०. साइज कशी मोजायची? दोन वेळा परत पाठवल्या.

पाइपचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि टिपच्या मागच्या टोकाचा आतला व्यास. दोन्ही जुळले पाहिजेत. लोक पुढचं रुंद तोंड मोजतात आणि फसतात. आज बाजारात मिळणाऱ्या सिस्टिम बहुतेक २, २.२५ किंवा २.५ इंची पाइपच्या असतात आणि आधीच्या मालकाने काय टाकलंय ते गाडीच्या वर्षावरून कळत नाही, म्हणून मोजाच. व्हर्नियर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा, शाळेत शिकलेलं पाय एकदाचं कामी येतं. पाइपचं टोक दाबलं गेलं असेल तर दोन जागी मोजा. २.५ इंची पाइपला ट्रंपेट बसवायचे असतील तर मधे रिड्यूसर (मोठ्या पाइपला लहान जोडणारा तुकडा) लागेल, आणि व्हॅलन्सच्या भोकात सगळीकडून जागा उरते का तेही बघावं लागेल.

११. बसवायचं कसं? घरी जमेल का?

जमेल, एक शनिवार आणि एक धरणारा माणूस लागतो. सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, शेवटचं अलाइनमेंट करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. बॉडीला जॅक लावून मागची चाकं लोंबकळत ठेवली की अ‍ॅक्सल खाली जातो, आणि पाइप अ‍ॅक्सलच्या वरून जात असल्यामुळे मधे भरपूर जागा आहे असा भास होतो. गाडी खाली उतरवली की पाटे दबतात, अ‍ॅक्सल वर येतो आणि पहिल्याच खड्ड्यात ठण्ण. रॅम्प असतील तर उत्तम, नाहीतर जॅक स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा. आणि स्टँडशिवाय, नुसत्या जॅकवर, गाडीखाली जायचं नाही.

आदल्या रात्री सगळ्या जुन्या नटबोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. हँगरची रबरं बदला, जुनी चांगली दिसली तरी. मग पुढून मागे सगळे क्लॅम्प हातानेच, सैल लावत या, ट्रंपेट हँगरला अडकवा, व्हॅलन्सच्या भोकात मधोमध आणा, मागे दहा पावलं जाऊन बसून बघा, दोन्ही सारख्या उंचीवर आहेत का. आणि मगच आवळायला सुरुवात करा, तेही पुढून मागे. टिप आधी आवळून ठेवली तर पुढचं सगळं वाकडं बसतं आणि दोष आपण टिपला देतो. आवळल्यावर परत बघा कारण क्लॅम्प आवळताना पाइप फिरतो, माझा दरवेळी फिरतो.

पेट्रोलची टाकी मागेच, दोन्ही पाइपच्या मधे आहे, आणि अ‍ॅक्सलपाशी ब्रेकचा रबरी होज. या दोघांपासून पाइप लांब पाहिजे, इथे तडजोड नाही. कन्व्हर्टिबलवाल्यांनी पाइप मागवताना बॉडी कन्व्हर्टिबल आहे असं आवर्जून सांगा, खाली मजबुतीचा जादा पत्रा असतो आणि कूपचे पाइप तिथे अडतात.

१२. टिप किती बाहेर काढू, आणि व्हॅलन्सपासून किती अंतर?

भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी निदान अर्धा इंच मोकळा ठेवा. गरम झाल्यावर अख्खी सिस्टिम लांब होते आणि इंजिन सुरू करताना एक झटका मारते. मी पहिल्यांदा दिसायला छान म्हणून अगदी कडेला टेकवून बसवली होती. वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (इथली जुन्या गाड्यांची मिरवणूक) ऑगस्टच्या उन्हात दोन तास रांगेत सरकत होतो, घरी येऊन बघतो तर नवीन रंगाला बोटभर फोड. बाहेर किती ते डोळ्याने ठरवा पण दोन्ही बाजू बंपरपासून टेपने मोजून सारख्या ठेवा. जास्त बाहेर काढल्या तर पोटरीला चटका बसतो, सामान काढताना बायकोला बसला, पुढचं सांगत नाही.

१३. वेल्डिंग करून टाकू का एकदाचं? क्लॅम्प दिसतो.

क्रोमवर वेल्डिंग करू नका. एक म्हणजे क्रोम जळून काळं पडतं आणि सोलतं, दुसरं म्हणजे क्रोम प्लेटिंग तापलं की निघणारा धूर खरंच विषारी असतो. करायचंच असेल तर जोडाचं प्लेटिंग पूर्ण घासून काढा, दारं उघडी, योग्य मास्क, आणि दिसणार नाही अशा जागी वेल्डचे दोन-तीन छोटे ठिपके (टॅक). स्टेनलेसला वेल्ड चालतं. माझं मत क्लॅम्पच, कारण कधीतरी टाकी काढायची वेळ येतेच. यू-बोल्टचा क्लॅम्प पाइपला चिमटा घेतो, मग टिप पुन्हा निघत नाही, म्हणून रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प घ्या. क्लॅम्प दिसतोय म्हणजे तो चुकीच्या जागी आहे, तो व्हॅलन्सच्या आत पाहिजे.

१४. लावल्यावर खडखड वाजतंय.

गाडी गार असताना हाताने टिप सगळ्या बाजूंना हलवा, कुठे आपटते ते लगेच कळतं. नाही कळलं तर व्हॅलन्सच्या कडेला खडू लावून एक चक्कर मारा, टिपवर पांढरा डाग येतो. फक्त खड्ड्यात वाजत असेल तर अ‍ॅक्सल (प्रश्न ११). फक्त गिअर टाकताना वाजत असेल तर टिप सोडून द्या आणि इंजिन माउंट बघा, पन्नास-साठ वर्षांचं रबर आहे, इंजिन डुलतं आणि अख्खा पाइप ओढतं.

१५. कुठली टिप लावली की भारी आवाज येईल?

कुठलीच नाही. फरक पडतो पण इतका थोडा की शेजारी उभं राहून डोळे मिटून ओळखता येणार नाही. आवाज सायलेन्सरचा आणि दोन पाइपना जोडणाऱ्या एच-पाइपचा. टिप मोठी केली की पॉवर वाढते म्हणणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

१६. पोलीस धरतील का?

टिपसाठी नाही, आवाजासाठी धरू शकतात. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. बाकीच्यांनी आपापल्या राज्याचं बघा. पुण्यात बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तसं इथे होत नाही, पण तिकीट येतं.

१७. टिप आठवड्यात काळ्या होतात, आणि क्रोम निळं पण पडलंय.

दोन वेगळ्या गोष्टी. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा कार्ब्युरेटरला (२८९ चार-बॅरलला बहुधा ऑटोलाइट ४१००) साफसफाई हवी. तेलकट काळं आणि सुरू करताना निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, व्हॉल्व्ह सील बघा. निळं पडणं म्हणजे उष्णता, ट्रंपेट इतका मागे असतो की तिथपर्यंत एवढी उष्णता यायला नको, म्हणून आधी इंजिनाचं टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) तपासा, पॉलिश नंतर.

साफ करायला चार शून्यवाली बारीक स्टील वूल आणि थोडं ऑइल, हलक्या हाताने. भांडी घासायची तार नको, आईने प्रेमाने घासून दिली होती एकाला, सगळे ओरखडे.

१८. दोन वर्षांत आतून गंजल्या, गाडी तर गॅरेजमध्येच असते!

म्हणूनच. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, ते गार पाइपात साठतं. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करणं म्हणजे पाइपात पाणी भरणं. सुरू करायची तर अर्धा तास फिरवा, नाहीतर सुरू करू नका.

१९. ६५ ची शेल्बी जीटी३५० बघितली, तिला मागे टिपच नव्हत्या. काढल्या असतील?

नाही, बरोबर आहे. ६५ च्या जीटी३५० चे (शेल्बीने मस्टँगवरूनच बनवलेली गाडी) पाइप बाजूने, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर येतात. तशीच गंमत दुसऱ्या कंपन्यांच्या ७० च्या गाड्यांची, प्लिमथची एएआर कुडा आणि डॉजची चॅलेंजर टी/ए. आणि ७० च्या ओल्ड्समोबिल ४४२ चा तर मागचा बंपरच टिपसाठी खाचा पाडून बनवला होता. म्हणजे दुसऱ्याची गाडी बघून आपली ठरवू नका.

२०. नवीन टिप यायला वेळ आहे, तोवर पाइप डिकीखालीच कापून ठेवला तर?

नको. धूर डिकीखाली कोंडतो आणि पन्नास वर्षांच्या रबरी सीलमधून, भोकांमधून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं मागच्या सीटवर बसतात. महिनाभर गाडी उभी ठेवा, किंवा साधा सरळ पाइपचा तुकडा क्लॅम्पने जोडून धूर बंपरच्या बाहेर काढा, दिसायला वाईट दिसला तरी.

२१. मी सी कोडवर जीटीचं सगळं लावलंय, छान झालंय. विकताना जाहिरातीत जीटी लिहू का?

"जीटी क्लोन" लिहा, आणि जुना व्हॅलन्स गाडीबरोबर द्या. गिऱ्हाईक प्रश्न ४ वाचून आलेलं असू शकतं, आणि त्याच्या हातात टॉर्च असते.